‘शिरेत गेलीय, आता घरी न्या’ – हे वाक्य बंद करा!

“डॉक्टर, गाठ शिरेत गेलीय म्हणे. ऑपरेशनचा आता उपयोग नाही, घरी न्या आणि सेवा करा, असं सांगितलं. आम्ही नेलं घरी. पण आबा नीट जेवतायत, रोज शेतावर चक्कर मारतायत. मग सेवा कसली करायची?”

तीन वर्षांपूर्वी माझ्या टेबलापलीकडे बसलेला तिशीतला मुलगा हे विचारत होता. त्याच्या पिशवीत सोनोग्राफीचा रिपोर्ट, सीटी स्कॅनच्या फिल्म आणि कुठल्याशा काढ्याची अर्धी बाटली. सीटीवरची तारीख अकरा आठवड्यांपूर्वीची. उजव्या किडनीत नऊ सेंटिमीटरची गाठ, तिथून मोठ्या शिरेत शिरलेली, यकृताच्या खालच्या कडेपर्यंत पोचलेली. फुप्फुसं स्वच्छ, यकृत स्वच्छ. वय ५८. मधुमेह नाही, हृदयाचा त्रास नाही. आणि या अकरा आठवड्यांत या माणसाला एकाही कॅन्सर सर्जनने किंवा युरोसर्जनने तपासलेलं नव्हतं!

मला तेव्हा राग आला होता. गेल्या महिन्यात दुसऱ्या एका कुटुंबाच्या तोंडून अगदी तेच वाक्य ऐकलं आणि तो राग पुन्हा वर आला. म्हणून आज जरा कडक लिहिणार आहे. यातले काही फटके माझ्याच व्यवसायबंधूंना आहेत, काही तुम्हाला आहेत, आणि एक मला स्वतःला आहे.

‘शिरेत गेली’ म्हणजे नेमकं काय?

आपल्या दोन किडन्यांमधून दर मिनिटाला एक लिटरहून जास्त रक्त फिरतं. गाळून झालेलं रक्त प्रत्येक किडनीच्या शिरेतून बाहेर पडतं आणि मणक्याच्या पुढून हृदयाकडे जाणाऱ्या मोठ्या शिरेला मिळतं. या मोठ्या शिरेला आम्ही ‘इन्फिरियर व्हेना केव्हा’, थोडक्यात आयव्हीसी म्हणतो. कंबरेखालचं आणि पोटातलं जवळजवळ सगळं रक्त याच वाटेने हृदयात परत येतं.

किडनीच्या कॅन्सरला एक विचित्र खोड आहे. तो शिरेत शिरून आतल्या आत वाढतो. शंभरातल्या साधारण ४ ते १० रुग्णांत हे दिसतं. उजव्या किडनीची शीर आखूड असते, त्यामुळे उजवीकडची गाठ आयव्हीसीत लवकर पोचते.

घराशेजारच्या झाडाचं मूळ ड्रेनेजच्या पाइपात शिरलेलं तुम्ही पाहिलं असेल. पाइप फोडला की आतून हातभर लांब मूळ निघतं. ते पाइपाच्या भिंतीला चिकटलेलं असतंच असं नाही, मोकळी जागा मिळाली म्हणून वाढत गेलेलं असतं. किडनीची गाठ बऱ्याचदा तशीच वाढते. तिचं बोट शिरेच्या पोकळीत लोंबकळत असतं. काही रुग्णांत ते शिरेच्या भिंतीतही घुसतं आणि मग काम अवघड होतं. पण भिंतीत घुसलंय की नुसतं आत लोंबतंय, हे ठरवण्यासाठीच तर तज्ज्ञ हवा!

हे बोट किती वर गेलंय त्यावरून सर्जन पातळ्या मोजतात. किडनीच्या शिरेतच थांबलेलं असेल तर शून्य. आयव्हीसीत दोन सेंटिमीटरपर्यंत वर गेलं असेल तर पहिली पातळी. त्याहून वर, पण यकृताच्या शिरांच्या खाली, ही दुसरी. यकृताच्या शिरांपाशी किंवा त्यांच्या वर, पण पोट आणि छाती यांमधल्या पडद्याच्या खाली, ही तिसरी. पडदा ओलांडून छातीत किंवा थेट हृदयाच्या कप्प्यात, ही चौथी.

‘चौथी पातळी’ आणि ‘चौथी स्टेज’ यांत गल्लत करू नका

सगळा घोटाळा इथे होतो. रिपोर्टमध्ये ‘लेव्हल फोर’ लिहिलेलं कुणीतरी वाचतं आणि घरभर ‘फोर्थ स्टेज’ झाल्याची बातमी जाते. या दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत.

जगभर वापरल्या जाणाऱ्या टीएनएम वर्गीकरणात, किडनीचा कॅन्सर शिरेत गेला असेल पण दूरच्या अवयवांत पसरलेला नसेल आणि शेजारच्या अवयवांत घुसलेला नसेल, तर तो तिसऱ्या स्टेजचा धरतात. बोट अगदी हृदयाच्या कप्प्यात पोचलं असलं तरीही! शिरेत वाढणं म्हणजे दुसऱ्या अवयवात रुजणं नव्हे. गाठ अजून एकसंध आहे, एका टोकाला किडनीशी जोडलेली आहे, आणि म्हणून ती एकत्र बाहेर काढता येण्याची शक्यता आहे.

हे काही काल-परवाचं ज्ञान नाही. अमेरिकेतल्या डोनाल्ड स्किनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ सालीच असे रुग्ण मांडून, शिरेत गेलेल्या गाठीवरही हिंमतीने शस्त्रक्रिया का करायला हवी, हे लिहून ठेवलं होतं. त्याला पन्नास वर्षं उलटून गेली. आणि आपण अजून लोकांना ‘घरी न्या’ म्हणून सांगतोय!

काहीच न करणं हाही एक निर्णय असतो

“डॉक्टर, टेबलावरच काही झालं तर?” हा प्रश्न नातेवाईक हमखास विचारतात. रास्त प्रश्न आहे. त्याचं सरळ उत्तर देतो.

ऑपरेशन मोठं आहे. मोठ्या केंद्रांच्या अहवालांत ऑपरेशनच्या आसपास दगावणाऱ्यांचं प्रमाण साधारण ५ ते १० टक्क्यांपर्यंत जातं. बोट खालच्या पातळीत असेल तर धोका कमी, हृदयाजवळ असेल तर जास्त. रक्त खूप जाऊ शकतं. उरलेल्या किडनीवर ताण येऊन काही दिवस डायलिसिस लागू शकतं. हे लपवण्यात अर्थ नाही.

पण तराजूच्या दुसऱ्या पारड्यात काय आहे, ते कुणी दाखवत नाही. आयव्हीसीत गाठ गेलेल्या आणि उपचार न झालेल्या रुग्णांचा अमेरिकेतल्या नोंदींवरून एक अभ्यास झाला. त्यातले निम्मे रुग्ण साधारण पाच महिन्यांच्या आत गेले. त्यांत कॅन्सर इतरत्र पसरलेलेही होते, हे खरं. याउलट, दूर न पसरलेल्या कॅन्सरवर पूर्ण ऑपरेशन झालेल्या रुग्णांपैकी साधारण ४० ते ६५ टक्के रुग्णांचा कॅन्सरने पाच वर्षांत बळी घेतलेला नसतो, असं वेगवेगळ्या केंद्रांचे आकडे सांगतात.

आता तुम्हीच ठरवा. एका बाजूला दहातल्या एकाला ऑपरेशनचा धोका, दुसऱ्या बाजूला बहुतेकांचा थोड्या महिन्यांत शेवट. ‘ऑपरेशन नको’ म्हणणाऱ्याने दुसरा आकडाही सांगायला हवा. तो न सांगता दिलेला सल्ला म्हणजे अर्धा सल्ला, आणि अर्ध्या सल्ल्यावर माणसं मरतात.

ऑपरेशनमध्ये करतात तरी काय?

पाइपातल्या मुळाचंच उदाहरण पुढे नेऊ. मूळ काढायचं, पण ते मध्येच तुटून प्रवाहात वाहून जाता कामा नये. तुकडा सुटला तर तो हृदयातून फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत जाऊन अडकतो आणि जीव जाऊ शकतो.

म्हणून सर्जन आधी किडनीला रक्त पुरवणारी रोहिणी बांधतात. मग आयव्हीसी गाठीच्या खाली आणि वर पट्टे टाकून धरतात, दुसऱ्या किडनीची शीरही धरतात. सगळे रस्ते बंद झाले की शीर उघडतात, बोट किडनीसकट अखंड बाहेर काढतात, आतून शीर धुऊन घेतात आणि बारीक टाक्यांनी शिवतात. भिंत खराब असेल तर तेवढा भाग कापून, लागल्यास ठिगळ लावतात.

बोट यकृताच्या मागे असेल तर यकृत मोकळं करून बाजूला वळवावं लागतं. यकृत प्रत्यारोपण करणाऱ्या सर्जनचा हात इथे फार उपयोगी पडतो. हृदयात गेलं असेल तर हृदयशल्यविशारद लागतात, हार्ट-लंग मशीन लागतं. कधी कधी शरीर १८-२० अंश सेल्सिअसपर्यंत थंड करून रक्ताभिसरण काही मिनिटं थांबवूनही हे काम केलं जातं. भूलतज्ज्ञ अन्ननलिकेतून सोनोग्राफीची नळी घालून बोटाचं टोक कुठे आहे ते पाहत असतात.

हे वाचून घाबरू नका. यातून एवढंच लक्षात घ्या, की हे एकट्यादुकट्या सर्जनचं काम नाही.

‘रक्त पातळ करायच्या गोळ्यांनी विरघळेल ना?’

नाही. रिपोर्टवर ‘थ्रॉम्बस’ लिहिलेलं असतं आणि थ्रॉम्बस म्हणजे रक्ताची गुठळी, असं सगळ्यांना वाटतं. काही डॉक्टरांनाही वाटतं! मग महिना-दोन महिने गोळ्या दिल्या जातात आणि ‘गुठळी विरघळायची’ वाट पाहिली जाते. ही गुठळी रक्ताची नसून कॅन्सरच्या जिवंत पेशींची असते. तिला स्वतःचा रक्तपुरवठा असतो. कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन देऊन सीटी किंवा एमआरआय केला की ती उजळते, साधी गुठळी उजळत नाही. फरक करायचा तो असा.

कॅन्सरच्या बोटाभोवती साधी गुठळीही जमू शकते आणि त्यासाठी या गोळ्या किंवा इंजेक्शनं लागतातही. तेव्हा चालू असलेल्या गोळ्या मनाने बंद करू नका. फक्त गोळ्यांवर विसंबून ऑपरेशन लांबवू नका.

नेहमीची केमोथेरपी आणि रेडिएशन या कॅन्सरवर फारशी चालत नाहीत. इम्युनोथेरपीने गेल्या काही वर्षांत चित्र बदललंय. ऑपरेशननंतर कॅन्सर परतण्याचा धोका जास्त असलेल्या रुग्णांसाठी पेम्ब्रोलिझुमॅब या औषधाला अमेरिकेत २०२१ साली मान्यता मिळाली, आणि त्याने आयुष्य वाढतं हे २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसलं. औषध महाग आहे. पण लक्षात घ्या, ते ऑपरेशन झाल्यावर द्यायचं औषध म्हणून तपासलं गेलंय, ऑपरेशनऐवजी नाही.

आता तुमच्याशी थोडं भांडण

‘कॅन्सरला हात लावला की पसरतो.’ ओपीडीत आठवड्यातून एकदा तरी हे ऐकतो. अहो, हात लावला नाही म्हणून तो थांबत नाही! आबांचा थांबला नाही. अकरा आठवड्यांनी नवा सीटी केला तेव्हा यकृताच्या कडेशी असलेलं टोक यकृताच्या शिरांपर्यंत चढलेलं होतं. जे ऑपरेशन दुसऱ्या पातळीचं झालं असतं, ते तिसऱ्या पातळीचं झालं. ही त्या काढ्याची खरी किंमत, बाटलीवर छापलेली नव्हे.

‘वडिलांना सांगू नका, खचतील.’ ज्या माणसाचं पोट उघडायचंय, ज्याच्या सहीने उघडायचंय, त्यालाच अंधारात ठेवायचं? आबांना मी सांगितलं तेव्हा ते दोन मिनिटं गप्प बसले आणि म्हणाले, “मग इतके दिवस कुणी बोललं का नाही? मला वाटलं माझ्यावरचा खर्च परवडत नाही म्हणून पोरं टाळतायत.” खचले होते ते आजाराने नव्हे, घरातल्या शांततेने.

‘आता वय झालं.’ वयाने ऑपरेशन ठरत नाही. हृदय, फुप्फुसं, दुसरी किडनी आणि माणूस रोज किती हिंडतो-फिरतो यावरून ठरतं. सत्तरीतला हिंडता-फिरता शेतकरी पन्नाशीतल्या अंथरुणाला खिळलेल्या माणसापेक्षा बरा उमेदवार असतो.

‘एवढा पैसा कुठून आणायचा?’ हा आक्षेप मात्र मी हसण्यावारी नेत नाही. पण जमीन विकायच्या आधी तीन ठिकाणी विचारा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसतात, त्यांना तुमच्या ऑपरेशनबद्दल विचारा. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात आणि परळच्या टाटा मेमोरियलसारख्या संस्थेत समाजसेवा विभाग असतो, तिथे जा. आणि महाराष्ट्रातल्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी ठेवाव्या लागतात, हे लक्षात ठेवा. मागितल्याशिवाय ही खाट कुणी घरी आणून देत नाही.

माझी चूक

एमडी होऊन गावी दवाखाना टाकला, त्याच्या पुढच्याच वर्षीची गोष्ट. एक शाळामास्तर दोन्ही पाय सुजले म्हणून आले. मी हृदय तपासलं, लघवी तपासली, पाणी काढायच्या गोळ्या दिल्या. पोटावरच्या शिरा फुगलेल्या दिसत होत्या, तरी यकृताचंच काहीतरी असेल म्हणून बसलो. सोनोग्राफीला पाठवलं तेव्हा सहा आठवडे उलटले होते. गाठ किडनीत आणि आयव्हीसी भरलेली. आणि मी, नवा कोरा एमडी, मोठ्या आत्मविश्वासाने त्यांच्या पत्नीला म्हणालो, “काकू, आता फार काही होण्यासारखं नाही. घरी ठेवा.”

मी कुणाला फोन केला नाही, कुणा सर्जनला चिठ्ठी दिली नाही. पुस्तकात शस्त्रक्रियेचं प्रकरण होतं, पण मी फिजिशियन, मला ते कशाला लागतंय! मास्तर चार महिन्यांत गेले. ऑपरेशनने वाचलेच असते असं मी म्हणत नाही. पण ते ठरवायचा अधिकार माझा नव्हता. तो एका सर्जनचा होता, आणि त्याहून जास्त मास्तरांचा होता.

म्हणून माझ्या व्यवसायबंधूंना हात जोडून सांगतो. ‘हे माझ्या आवाक्यातलं नाही’ आणि ‘याला उपचार नाही’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पहिलं म्हणण्यात कमीपणा नाही. पहिलं लपवायला दुसरं म्हणणं, हा मात्र गुन्हा आहे.

आणि दुसऱ्या टोकाचं पाप

काही ठिकाणी उलटं घडतं. तयारी नसताना रुग्ण ठेवून घेतात. पोट उघडतात, आयव्हीसी पाहून घाबरतात आणि बंद करतात. किंवा रोबोटची जाहिरात दाखवून पातळीचा विषयच काढत नाहीत. रोबोट हे हत्यार आहे, ते कुणाच्या हातात आहे ते महत्त्वाचं. अर्धवट उघडून बंद केलेल्या पोटावर दुसऱ्यांदा ऑपरेशन करणं कितीतरी अवघड असतं. म्हणून सही करण्याआधी हे प्रश्न विचारा. कागदावर लिहून न्या, संकोच करू नका:

१. गाठ कोणत्या पातळीपर्यंत गेली आहे? शिरेच्या भिंतीत घुसल्याची शंका आहे का?
२. फुप्फुसं, यकृत, हाडं तपासली का? कॅन्सर दूर पसरला आहे का?
३. अशी ऑपरेशनं तुमच्याकडे वर्षाला किती होतात?
४. यकृताचे, रक्तवाहिन्यांचे किंवा हृदयाचे सर्जन गरजेप्रमाणे सोबत असतील का? रक्तपेढी आणि हार्ट-लंग मशीन त्याच रुग्णालयात आहे का?
५. ऑपरेशनच्या आधी पुन्हा स्कॅन करणार का? स्कॅन जुना असेल तर बोट वर सरकलेलं असू शकतं, म्हणून तो शेवटच्या आठवड्या-दोन आठवड्यांतला हवा.
६. उरलेली किडनी कशी आहे?

या प्रश्नांनी चांगला सर्जन चिडत नाही. चिडला तर दुसरं मत घ्या.

सगळ्यांनाच ऑपरेशन लाभतं असं नाही. कॅन्सर बऱ्याच ठिकाणी पसरलेला असेल, हृदय फार कमजोर असेल, तर औषधं आणि वेदनाशमन हाच शहाणपणाचा मार्ग असतो. तेव्हा ‘घरी न्या’ हा सल्ला योग्यही असेल. पण तो सगळ्या तपासण्या होऊन, सर्जन आणि कॅन्सरतज्ज्ञांनी मिळून विचार करून दिलेला हवा.

लवकर कसं ओळखायचं?

लघवीतून एकदाही रक्त गेलं, दुखलं नाही तरी, सोनोग्राफी करा. ‘उष्णता झाली’ म्हणून सब्जा पीत बसू नका. कुशीत सतत दुखणं, कारण नसताना वजन उतरणं, दोन्ही पाय सुजणं, पोटावर नव्याने शिरा दिसणं. पुरुषांमध्ये अंडकोशाच्या वर नव्याने शिरा फुगणं आणि आडवं झाल्यावरही त्या न ओसरणं, यांतलं काहीही दिसलं तरी तपासून घ्या. बहुतेक वेळा साधंच काही निघेल. निघू दे.

आबांचं ऑपरेशन मोठ्या केंद्रात झालं, सकाळी सुरू झालेलं संध्याकाळी संपलं. यकृताचे सर्जन सोबत होते. नऊ बाटल्या रक्त लागलं, पाच दिवस आयसीयूत काढले. दुसऱ्या वर्षी फुप्फुसात दोन बारीक ठिपके दिसले, त्यासाठी औषधं चालू आहेत. बरे झाले असं मी म्हणणार नाही. पण या तीन वर्षांत त्यांनी धाकटीचं लग्न लावलं, विहिरीचा गाळ काढून घेतला, आणि दर तपासणीला येताना माझ्यासाठी शेतातली भाजी आणतात.

‘घरी न्या’ म्हणणाऱ्याने ही तीन वर्षं त्यांच्याकडून काढून घेतलीच होती. मुलगा विचारायला आला म्हणून ती परत मिळाली. तुम्हीही विचारा.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. आपल्या आजाराबद्दलचा निर्णय आपल्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या.)